गाढवाचा निळा गुडघा

खिडकी मार्चमध्ये उतरवली, म्यूज नदीवर धुकं होतं.
चौदा चौकटी, गोणपाटात गुंडाळून,
पाववाल्याच्या गाडीतून आमच्या कारखान्यात आल्या.
वरून थोडं पीठ भुरभुरलं होतं.

आधी कागद अंथरून, काळा खडू घासून
शिशाच्या रेघा उठवून घ्यायच्या.
मग शिसं कापायचं. पाचशे वर्षांचं शिसं
चाकूखाली वाकत नाही,
थंडीतल्या गुळासारखं तुटतं.

काचा सुट्या झाल्या की देवही सुटा होतो.
ट्रेमध्ये मरियेचा हात, योसेफाची काठी,
बाळाच्या डोक्यामागचं पिवळं
(ती चांदी, भाजल्यावर पिवळी होते),
आणि ज्याच्यावर बसून ते इजिप्तला पळाले
ते गाढव, सोळा तुकड्यांचं.

वोत्ये, आमचा उस्ताद, बोलतो कमी, शिंकतो फार.
पहिल्याच हिवाळ्यात त्याने एक लाल तुकडा
मला कडेने धरून दाखवला होता:
"ही लाल नाहीच. साध्या काचेवर लालाची साय आहे.
अख्खी लाल ओतली तर उजेड आत येत नाही,
काळी दिसते."
त्यानंतर आठवडाभर तो काही बोलल्याचं आठवत नाही.

बीचच्या लाकडाची राख, नदीची वाळू.
रंगवणाऱ्याने लोखंडाचा गंज कुटला, काच कुटली,
व्हिनेगरमध्ये कालवली,
व्हिनेगर संपलं तेव्हा स्वतःच्या मुतात.
त्यातूनच मरियेच्या पापण्या उतरल्या, एकेक केस वेगळा.
भट्टीने सोवळं-ओवळं विचारलं नाही.

पण गाढवाचा पुढचा डावा गुडघा निळा होता.
बाकी अंग राखाडी-तपकिरी, आणि तेवढाच निळाशार,
त्यावर तीन अक्षरं, तीही उलटी.
दुसऱ्याच कुठल्या खिडकीतली काच.
युद्ध संपल्यावर, एकोणीसशे एकोणिसात,
कुणीतरी भोक बुजवायला हाती लागलं ते भरलं होतं.
"काढ," वोत्ये म्हणाला. "नियमात बसत नाही."
मी तपकिरी गुडघा कापला, त्यावर लव रंगवली, भाजला.
चांगला झाला होता. खरंच चांगला.

मे महिन्यात झेलिया फर्नेमों आल्या,
अठ्ठ्याऐंशीच्या, पुतण्याच्या गाडीतून,
मांडीवर रुबार्बचा टार्ट.
आत येताच म्हणाल्या, "गुडघा कुठे आहे?"
मला वाटलं त्यांचाच दुखतोय. खुर्ची पुढे केली.

"रविवारी साडेदहाला," बसत त्या म्हणाल्या,
"प्रवचन सुरू झालं की तो निळा कवडसा
खांबावरून उतरायचा, तिसऱ्या बाकावर सरकायचा.
आमेनच्या आधी ज्याच्या कानाला लागेल
त्याला सगळ्यांचे चेस्टनट.
मी एकदाच जिंकले. एकतीस.
मार्सेलँ महिनाभर माझ्याशी बोलला नाही.
पुढे लग्न केलं त्याने माझ्याशी."
"मग?"
"मग काय. तेव्हाही कमीच बोलायचा."

वोत्येने तीनदा शिंकून घेतलं
आणि टार्ट कापायला सुरी शोधत निघून गेला.
संध्याकाळी माझ्या टेबलावर निळा गुडघा होता,
धुतलेला, कापसावर ठेवलेला.
"अक्षरं सरळ करू?" मी विचारलं.
"उलटीच. होती तशी."

नवं शिसं, डाख, काळी लांबी,
वर खडूची पूड टाकून ब्रशने घासणं,
नखांखाली महिनाभर राहतं ते सगळं.
अहवालात मी लिहिलं:
तुकडा नऊ. मूळचा नाही. ठेवला.

ऑक्टोबरमध्ये खिडकी परत चढली.
पहिल्या रविवारी आम्ही दोघं मागे उभे होतो,
वोत्ये धुतलेल्या कोटात.
बाहेर आभाळ भरलेलं, आत सगळं राखी,
गाढव, वाळवंट, पाद्री, सगळेच.
साडेदहा झाले. निळं काही उतरलं नाही.

तिसऱ्या बाकावर झेलियाबाईंनी पर्स उघडली,
प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी
एक चेस्टनट ठेवला
आणि पुढच्या पोराच्या कानाकडे बघत बसल्या.